तेजाब, फरशी आणि लोणारचा खार

शाबान महिना संपत आला की आमच्या मोहल्ल्यात पहाटेपासून खराट्याचे आवाज सुरू होतात. रमजानच्या आधी घर धुवायचं, भिंतींना चुना मारायचा, गोधड्या वाळत घालायच्या, हा रिवाज माझ्या आठवणीच्याही आधीचा आहे. यंदा त्या आठवड्यात आमच्या गावच्या जुन्या मशिदीच्या कमिटीची बैठक झाली. विषय एकच होता: मशिदीचा काळा पडलेला दगड साफ कसा करायचा. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. दगडातलं मला काय कळणार? पण सदर साहेबांनी निरोप पाठवला, "सर, तुम्ही पण या. तुम्ही इतिहास वाचता."

मी गेलो. तिथं जे बोललो ते इतिहासाच्या पुस्तकातून कमी आणि आमच्या घरच्या पडवीतून जास्त आलं होतं. म्हणून आधी पडवीची गोष्ट सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह ठरला. आमच्या पडवीला शहाबादी फरशी होती. दादांनी कापसाच्या एका चांगल्या वर्षी ती बसवून घेतली होती. वर्षानुवर्षं पाय पडून ती गुळगुळीत झाली होती. पाऊस पडून गेल्यावर दिसणाऱ्या ढगासारखा तिचा निळसर करडा रंग होता. कोपऱ्यांत मात्र तेलाचे, हळदीचे, बोअरच्या पाण्याचे डाग होते. मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन नोकरीला लागलेलो, सगळं काही येतं असा समज. दुकानातून बिनलेबलाच्या बाटलीत तेजाब आणलं आणि पडवीवर ओतलं.

फरशी उकळल्यासारखी फसफसली. पांढरा फेस आला. मी खूश झालो, मळ निघतोय म्हणून. तेवढ्यात घरातल्या कोणीतरी "अजून साफ होईल" म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. पुढच्या मिनिटाला घशात काटे टोचल्यासारखं झालं. अम्मी आत चुलीजवळ होती, ती खोकत खोकत बाहेर आली. तिचे डोळे दोन दिवस लाल होते आणि खोकला महिनाभर राहिला.

सकाळी फरशी वाळली तेव्हा डाग गेले होते, पण त्यांच्याबरोबर चमकही गेली होती. दगड पांढरट, खरबरीत, आजाऱ्याच्या जिभेसारखा झाला होता. अम्मीनं त्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "इसका पानी उतर गया बेटा." रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तो फेस मळाचा नव्हता, दगडाचा होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर तेजाब पडलं की दगडच विरघळतो आणि त्यातून वायू निघतो, तो फेस. आणि तेजाब नि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच हा वायू, आणि मी तो आमच्या पडवीत तयार केला होता. हे दोन्ही मला नंतर कळलं. नंतर कळलं म्हणूनच या विषयाच्या मागे लागलो.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी शब्दांपासून सुरुवात केली. घराच्या स्वच्छतेतले आपले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत आणि मराठीत असे मुरले आहेत की कुणाला परके वाटत नाहीत. फरशी आली 'फर्श'मधून, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं. साबण म्हणजे अरबी 'साबून'. हौद म्हणजे 'हौज'. गिलावा फारसी 'गिल' म्हणजे मातीपासून झाला. संगमरवर म्हणजे 'संग-ए-मर्मर'. आणि तेजाब म्हणजे 'तेज आब', तिखट पाणी. त्यांच्या शेजारी चुना, खार, सारवण, खराटा हे इथलेच, संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं आलेले शब्द. आपल्या न्हाणीघरात आणि ओसरीवर ही दोन्ही घराणी चारशे-पाचशे वर्षं एकत्र नांदत आली आहेत. वर्गात मी मुलांना सांगतो, ज्याला भाषा वेगळ्या करायच्या असतील त्यानं आधी फरशी पुसून दाखवावी आणि ती पुसताना यातला एकही शब्द वापरू नये.

आता आपल्या मातीकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण सगळेच मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर पायाखाली काळा दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून आलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. कठीण, जड, घडवायला जिकिरीचा. गरिबाच्या घरात तो पायापुरताच असायचा. वरच्या भिंती मातीच्या, डोक्यावर पांढऱ्या मातीचं धाबं, खाली शेणानं सारवलेली जमीन. आमच्या मोहल्ल्यातही तसंच होतं. नमाजाला चटई अंथरायची आणि जमीन पांढऱ्या मातीनं पोतारून ठेवायची. घडीव दगड असायचा तो गढीला, देवळाला, मशिदीला, बारवेला.

या काळ्या दगडाचं काम पाहायचं तर लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे, मेहकरचं बालाजीचं स्थान आहे, सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी आहे. आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेल्या दोन मशिदी आहेत. एक घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेडची, दुसरी फत्तेखेर्ड्याची, म्हणजे आजच्या साखरखेर्ड्याची. दोन्ही खुदावंद खान महदवी या सरदारानं बांधल्या. साखरखेर्ड्याची १५८१ ची, रोहिणखेडची १५८२ ची. वऱ्हाड १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत गेलं होतं, त्या काळातलं हे बांधकाम. नंतर रोहिणखेडजवळ लढाई झाली, साखरखेर्ड्यालाही १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिज खान यांच्यात मोठी लढाई झाली आणि त्या विजयावरून गावाचं नावच फत्तेखेर्डा पडलं. राज्यं आली आणि गेली. भिंती उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या याचं निम्मं श्रेय बांधणाऱ्याचं असेल, तर निम्मं रोज झाडणाऱ्याचं आहे.

त्या काळी अशी इमारत साफ कशी ठेवत असतील? खराटा, मऊ झाडू, पाणी आणि दरवर्षीचा चुना. पखालीतून पाणी आणणारे भिश्ती होते, वजूला हौज होता. चुना मारण्यामागे केवळ शोभा नव्हती. चुन्यामुळे बुरशी आणि कीड दूर राहते. शिवाय चुन्याचा थर श्वास घेतो, म्हणजे भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. दगडांच्या सांध्यात, ज्याला गवंडी दर्ज म्हणतात, तिथंही चुनाच भरलेला असतो. जुन्या चिरेबंदी भिंतीत दगड कठीण आणि दर्ज नरम असते. भिंत थोडी हलली, तापली, गार झाली तरी तो ताण नरम चुना सोसतो आणि दगड फुटत नाही.

तेलकट मळासाठी मात्र नुसतं पाणी पुरत नाही. त्याला खार लागतो, आणि खाराच्या बाबतीत आपला जिल्हा एके काळी फार प्रसिद्ध होता. लोणारच्या विवराचा इंग्रजी पुस्तकांतला पहिला उल्लेख १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्यानं केला असं सगळीकडे छापलेलं असतं. पण त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. तिथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणाऱ्या वस्तू मिळतात आणि सरकारला त्यातून चांगलं उत्पन्न येतं, असं तो सांगतो. ती नोंद वाचताना मला आनंद झाला. अकबराच्या दफ्तरात बुलढाण्याची ओळख साबणाच्या कच्च्या मालाची होती!

लोणारच्या तळ्याचं पाणी खारं आहेच, शिवाय ते सोड्याचंही आहे. आम्ल-अल्कली मोजण्याच्या मापावर ते दहाच्या आसपास जातं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खाराचे थर बसायचे, ते गोळा करायचे. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्यांच्या प्रतींची वेगवेगळी नावं होती. बांगड्यांच्या काचेला, साबणाला, कापड रंगवायला तो खार जायचा. आज तळं अभयारण्यात आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथून आता चिमूटभरही काही उचलू नये. पण इतिहास म्हणून हे लक्षात ठेवावं की तेल आणि खार एकत्र शिजवले की साबण होतो, आणि त्यातला खार आपल्या गावचा होता.

खाराला अरबीत 'अल-कली' म्हणतात. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख म्हणजे कली. त्यावरूनच विज्ञानाच्या पुस्तकातला 'अल्कली' आला. अबू बक्र राझी हा वैद्य नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेला, त्यानं क्षारांची जी वर्गवारी केली तिच्यात हा कलीचा क्षार आहे. इथं एक खबरदारीची गोष्ट सांगतो. 'सगळी तेजाबं जाबिर इब्न हय्याननं शोधली' असे संदेश आपल्या ग्रुपवर फिरत असतात. जाबिरच्या नावावरचे शेकडो ग्रंथ एका माणसाचे नाहीत, त्यातले पुष्कळ नंतरचे आहेत, असं अभ्यासकांचं मत आहे. आपल्या पूर्वजांचं खरं काम इतकं मोठं आहे की त्यात भर घालायची गरज नाही. भर घातली की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग आपल्या घरात हे तेजाब आलं कुठून? खाराच्याच मागच्या दारानं आलं. युरोपात साबण आणि काचेचे कारखाने वाढले, तेव्हा सोडा पुरेना. १७९१ मध्ये निकोला लेब्लां या फ्रेंच माणसानं साध्या मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. या रीतीत मिठावर गंधकाचं तेजाब घालतात, आणि सोडा तयार होण्याच्या वाटेवर एक जहाल वायू सुटतो. तो वायू पाण्यात विरघळला की तेच मिठाचं तेजाब, जे मी बाटलीत आणलं होतं. इंग्लंडात कारखान्यांनी तो सरळ धुराड्यातून सोडला. आसपासची झाडं जळाली, पिकं गेली, लोक खोकू लागले. शेवटी १८६३ मध्ये तिथल्या पार्लमेंटला अल्कली कायदा करावा लागला. कारखान्यांनी तो वायू पाण्यात धरून ठेवायला सुरुवात केली आणि तेजाब मुबलक झालं, स्वस्त झालं.

इकडे कारखान्यातला सोडा बाजारात आल्यावर लोणारच्या खाराचं महत्त्व ओसरलं. पुढे १९३९ मध्ये गुजरातेत मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना उभा राहिला. धुण्याचा सोडा किराणा दुकानात पुडीत मिळू लागला. म्हणजे सोडा आणि तेजाब ही एकाच कारखान्याची दोन लेकरं. एक तेल काढतं, दुसरं चुना खातं. कोणतं कुठं वापरायचं हे न कळता आपण दोघांनाही 'साफ करायचं औषध' म्हणू लागलो.

दगडही दरम्यान बदलले. १८६७ पर्यंत मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्टेशनं झाली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तो कापसासाठी. कापूस बाहेर गेला आणि लांबचा दगड इकडे येणं शक्य झालं. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा थर-थर निघणारा चुनखडीचा दगड निजामाच्या मुलखात आणि वऱ्हाडात घराघरांत पोचला. तो फोडायला सोपा, बसवायला स्वस्त आणि उन्हाळ्यात गार. पुढे शहरांकडून सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आल्या. पूर्वी त्या विलायतेतून येत. १९२२ मध्ये मुंबईच्या सिधवा या पारशी कुटुंबानं स्वदेशीच्या भावनेतून तशा फरश्या इथं करायला सुरुवात केली. मग मोझाइक, स्वयंपाकाच्या ओट्याला काळा कडप्पा, राजस्थानचा कोटा, ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे मकराण्याचा संगमरवर. आणि आता ज्या गावात जावं तिथं गुजरातच्या मोरबीची चकचकीत टाइल.

यात शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर या चौघांचा मूळ पदार्थ एकच, चुना. मोझाइकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात, म्हणजे तेही त्याच कुळातलं. या कशालाही तेजाब चालत नाही. तेजाबच काय, लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणीसुद्धा चालत नाही. ओट्यावर लिंबू चिरून ठेवलं की कडप्प्यावर पुसट चंद्र उमटतो, तो डाग नसतो, जखम असते. मोरबीच्या टाइलला तेजाबानं लगेच काही होत नाही, पण दोन टाइलांमधलं सिमेंट ते खातं. मग त्या फटीतून पाणी खाली उतरतं आणि वर्षभरात टाइल पोकळ वाजू लागते.

हे सगळं मी कमिटीपुढे मांडलं तेव्हा एका तरुणानं विचारलं, "पण सर, आपला दगड तर काळा आहे, बेसाल्ट आहे. त्याला काय होणार?" प्रश्न रास्त होता. ठेकेदारानंही हेच सांगितलं होतं. त्याचा बेत असा: आधी तेजाबानं जुना चुना काढायचा, मग खांबांना सोनेरी ऑइल पेंट, आणि आत-बाहेर सगळीकडे टाइल.

मी घरून येताना तीन गोष्टी आणल्या होत्या. शहाबादीचा तुकडा, टाइलचा तुकडा आणि मशिदीच्या मागच्या पडक्या भिंतीतून गळालेला चुन्याच्या दर्जेचा खडा. शाळेच्या प्रयोगशाळेतून पातळ केलेल्या तेजाबाची छोटी बाटली आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी दिली होती. टाइलवर थेंब पडला, काही झालं नाही. शहाबादीवर पडला, फेस आला. दर्जेच्या खड्यावर पडला तेव्हा तो जोरात फसफसला आणि बघता बघता त्याची भुकटी होऊ लागली. मी म्हणालो, "दगडाला फारसं होणार नाही, भाई. पण हे चार खांब आणि तीन कमानी दगडानं नाही, या चुन्यानं एकत्र धरलेत. दगड राहील, मशीद राहणार नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका बुजुर्गांनी विचारलं, "पेंट लावला तर? त्यात तर तेजाब नाही."

त्यावर मी अजिंठ्याची गोष्ट सांगितली. अजिंठा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच. ती लेणी निजामाच्या राज्यात होती आणि निजाम सरकारनं १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे प्रमुख गुलाम यझदानी. बुद्धाची चित्रं वाचवण्यासाठी एका मुसलमान संस्थानानं आणि एका मुसलमान विद्वानानं किती कष्ट घेतले, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. १९२० मध्ये खास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी हे चित्रतज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी सुटत आलेले रंगाचे पोपडे चिकटवले, ते मोठं काम झालं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वार्निशही दिलं. सुरुवातीला चित्रं उजळली. नंतर ते वार्निश पिवळं पडलं, धूळ-धूर धरू लागलं, आणि पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना ते थोडं थोडं करून उतरवावं लागलं. नियत चांगली, पैसा होता, जगातले नावाजलेले हात होते, तरी वरून दिलेला थर आत अडकला. मग आपल्या ऑइल पेंटचं काय सांगावं? दगडी भिंतीतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. चुना असेल तर तो लोणा चुन्यातून बाहेर पडतो आणि झाडून टाकता येतो. ऑइल पेंट असेल तर तो पेंटमागे साठतो, फुगतो आणि पडताना दगडाची कातडी घेऊन पडतो.

"मग साफ करायचंच नाही का?" सदर साहेब वैतागून म्हणाले.

करायचं, पण ज्याचा मळ त्याला पाहून. भारताच्या पुरातत्त्व खात्यात रसायन शाखा १९१७ मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले रसायनतज्ज्ञ होते मोहम्मद सनाउल्ला. मोहेंजोदडोच्या वस्तूंचं रासायनिक पृथक्करणही त्यांनी केलं होतं. या शाखेचं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगायचं तर: आधी सगळ्यात सौम्य उपाय, तोही न दिसणाऱ्या कोपऱ्यात, आणि त्यानं भागलं तर पुढे जायचं नाही. ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर त्यांनी १९९४ पासून अनेकदा मुलतानी मातीच्या लेपानं साफ केला. लेप वाळताना मळ ओढून घेतो, मग तो शुद्ध पाण्यानं धुतात. आपल्या आया-बहिणी चेहऱ्याला लावतात तीच माती.

शेवटी कमिटीनं काय ठरवलं? मी जिंकलो असं सांगता येणार नाही. बाहेरच्या सहनात टाइल बसलीच, तिचा चंदा आधीच जमला होता. पावसात तिथं घसरतं, म्हणून आता वर जाजम टाकतात. मेहराबीवरचा जुना ऑइल पेंट तसाच आहे, तो काढायला जाणकार माणूस लागेल आणि तो आणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. पण आतल्या खांबांना तेजाब लागलं नाही. चार जुम्यांच्या आधीच्या गुरुवारी आम्ही दहा-बारा जण बसलो. कोमट पाणी, नारळाच्या काथ्याचे नरम ब्रश, बांबूच्या पट्ट्या. चुना भिजवायचा, थांबायचं, पट्टीनं हळू सोडवायचा, सुती कापडानं टिपायचं. तरुण मुलं पहिल्या दिवशी कंटाळली. दुसऱ्या गुरुवारी एका खांबाचा थर सुटला आणि खाली टाकीचे घाव दिसले, एकसारखे, तिरपे, जणू कुणी कालच मारले असावेत. मग त्यांना घरी जा म्हणावं लागलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवतो. खांबावरचे घाव त्या दिवशी पहिल्यांदा हातानं चाचपले.

ज्यांच्या घरी जुनी फरशी आहे त्यांच्यासाठी, जे मी उशिरा शिकलो ते सांगून ठेवतो. रोज आधी कोरडं झाडावं, कारण दगडावर ओरखडे पाडते ती बारीक वाळू. मग साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण घेऊन पुसावं, पुन्हा स्वच्छ पाण्यानं पुसावं आणि कोरड्या फडक्यानं टिपावं. हे टिपणं महत्त्वाचं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, घाटाखाली खारपाणपट्ट्यात तर आणखी खारं. ते फरशीवर वाळू दिलं की पांढरा थर बसतो आणि तो काढायला मग माणूस तेजाब शोधतो. तेलाचा डाग असेल तर मुलतानी मातीचा जाड लेप रात्रभर ठेवावा, सकाळी झाडावा, गरज पडली तर पुन्हा लावावा. फार चिकट मळाला कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा चालतो, पण संगमरवर आणि मोझाइकवर तोही जपून. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये.

आणि बिनलेबलाची बाटली घरात आणू नये. तेजाबानं या देशात फरशांपेक्षा फार मोलाच्या गोष्टी जाळल्या आहेत. लक्ष्मी अग्रवाल या मुलीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तेजाबाच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्यानं नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. ज्या दुकानात हे न विचारता बाटली मिळते, तिथून ती घेणारे आपणही त्या गुन्ह्याला थोडा हातभार लावत असतो.

हदीसमध्ये एका स्त्रीचा उल्लेख आहे. ती नबींच्या मशिदीत झाडलोट करायची. ती वारली तेव्हा लोकांनी तिला साधी बाई समजून नबींना न कळवताच दफन केलं. नबींनी चौकशी केली, मला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली. रोहिणखेडच्या मशिदीचा बांधणारा इतिहासात आहे. चार शतकं ती झाडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं नाही. आमच्या घरची फरशी बसवणारे म्हणून दादांचं नाव सगळे घेतात. ती चाळीस वर्षं पुसणारीचं कोण घेतं?

अम्मी जाऊन आता सहा वर्षं झाली. मी तेजाब टाकल्यानंतरही ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पडवी पुसायची, मग कोरड्यानं. मी म्हणायचो, "अम्मी, टाइल बसवून टाकू." ती म्हणायची, "रहने दे, आता है थोडा थोडा." आणि खरंच, दारापासून चुलीपर्यंत, जिथून तिची ये-जा होती तिथं, फरशी पुन्हा गुळगुळीत झाली. पूर्वीची चमक नाही, पण हाताला लागतं. कोपऱ्यांत मात्र ती अजून पांढरी आणि खरबरीत आहे, जिथं कुणाचे पाय पडत नाहीत.

यंदा शाबानमध्ये पडवी मी पुसली. माझा मुलगा बादली घेऊन आला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अब्बा, हे कशानं झालं?"

मी त्याला फडकं दिलं आणि सांगायला बसलो.